जगबुडी, पुरवणीसहित

जगाचा अंत किती जणांत करता येतो, हे आजकाल खोक्याच्या पाठीवर छापून येतं. एक ते आठ जण. वेळ दोन ते चार तास. वय १४ आणि पुढे. चौदाच्या आतल्यांनी जगाचा अंत पाहायचा नाही, गृहपाठ राहतो.

हे खोकं 'एल्ड्रिच हॉरर' नावाच्या पटखेळाचं. त्याच्या शेजारी 'अर्कम हॉरर'. पुढे 'एल्डर साइन', 'मॅन्शन्स ऑफ मॅडनेस', 'पँडेमिक: रेन ऑफ कथुलू' आणि 'कथुलू: डेथ मे डाय'. सगळ्यांवर तोच हिरवट अंधार आणि तोंडाला सोंडा लोंबणारं तेच एक प्रकरण. माझा भाचा मलाजखंडच्या कॉपर कॉलनीत राहतो, तहसील बिरसा, जिल्हा बालाघाट. (बिरसा म्हटलं की आमच्या नागपूरचे लोकसुद्धा झारखंडकडे बोट दाखवतात. गोंदियाहून बालाघाट, घाट चढून बैहर, तिथून पुढे बिरसा. झारखंड लागत नाही.) त्याने या सहाही खोक्यांचे फोटो फोनवर पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: "मामा, यातला कोणता घेऊ? मला तर सगळे एकच वाटून राहिले."

त्याला फरक वाटत नाही यात त्याचा दोष नाही. फरक दिसू नये अशीच व्यवस्था आहे. आणि मला विचारण्याचं कारण म्हणजे माझ्या कपाटावर ही खोकी रांगेने आहेत, त्यामुळे नातेवाइकांत मी या विषयातला जाणकार समजला जातो. घरात यासाठी वेगळा शब्द आहे.

*

या सगळ्या खोक्यांचा मूळपुरुष एक. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. जन्म १८९०, अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स गाव. मृत्यू १९३७, त्याच गावात. 'वियर्ड टेल्स' नावाच्या स्वस्त कागदावरच्या मासिकात लिहायचा. 'द कॉल ऑफ कथुलू' ही गाजलेली कथा तिथेच फेब्रुवारी १९२८ च्या अंकात आली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विश्व अफाट आहे, त्यात फार जुन्या आणि फार मोठ्या शक्ती झोपलेल्या आहेत (सोंडवाला कथुलू त्यांतलाच एक), आणि त्यांचा माणसावर राग नाही. राग असायला आधी दखल घ्यावी लागते. माणूस त्यांच्या यादीतच नाही.

हयातीत या गृहस्थाला लिखाणाचे धड पैसे मिळाले नाहीत. मेल्यावर मात्र तो जगातला सर्वांत परवडणारा लेखक झाला. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात, म्हणजे १९९८ उजाडलं आणि भारतात लव्हक्राफ्ट सर्वांचा झाला. जिथे ७० वर्षांचा नियम आहे तिथे २००८ पासून. मानधन मागायला येणार नाही असा राक्षस बाजारात दुसरा कुठला? मग ज्याच्याकडे फासे आणि छापखाना, त्याने कथुलू काढला. 'मंचकिन'वाल्यांनी आपल्या विनोदी पत्त्यांच्या खेळाला सोंडा लावल्या, 'पँडेमिक' या साथरोगाच्या खेळवाल्यांनी जंतू काढून त्या जागी भुतं बसवली.

सगळी खोकी सारखी वाटण्याचं दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. यातले अर्कम, एल्ड्रिच, एल्डर साइन आणि मॅन्शन्स हे चार खेळ 'फँटसी फ्लाइट गेम्स' या एकाच कंपनीचे. ही कंपनी २०१४ मध्ये फ्रान्सच्या 'अस्मोडी'कडे गेली. साथरोगवाली 'झी-मॅन गेम्स' २०१६ मध्ये त्याच अस्मोडीकडे गेली. म्हणजे सहा खोक्यांपैकी निदान पाचांचा गल्ला एकाच घरी जातो. भाचा तासन्‌तास ज्यांची तुलना करत बसला होता, ते एकमेकांचे चुलतभाऊ निघाले. पात्रंसुद्धा घरचीच. ॲशकॅन पीट नावाचा भणंग आणि त्याचं ड्यूक नावाचं कुत्रं अर्कममध्ये आहेत, एल्डर साइनमध्ये आहेत, मॅन्शन्सच्या पहिल्या आवृत्तीत आहेत, पत्त्यांच्या अर्कममध्येही आहेत. ड्यूकने इतक्या वेळा जग वाचवलंय की एव्हाना त्याला पेन्शन लागू व्हायला हवी होती.

*

आता आत काय असतं ते. एल्ड्रिच उघडू, कारण तो या घराण्यातला सगळ्यात ऐसपैस. कोरी कोनिएच्का आणि निकी व्हॅलेन्स यांनी २०१३ मध्ये काढला. पट म्हणजे जगाचा नकाशा. नावानिशी नऊ शहरं आहेत: सॅन फ्रान्सिस्को, अर्कम, ब्युनोस आयरिस, लंडन, रोम, इस्तंबूल, शांघाय, टोकियो, सिडनी. अर्कम हे गाव जगात नाही, लव्हक्राफ्टने कल्पनेने वसवलं. तरी त्याला जागा मिळाली. भारताच्या वाट्याला एक नुसता क्रमांक, आणि वर हिमालय. जगबुडी आली तरी आपल्याकडे थांबा नाही.

प्रत्येक खेळाडू एक शोधक घेतो. त्याला तब्येतीचे काही गुण, मनाच्या शाबूतपणाचे काही गुण. एका पाळीत दोन कामं करायची: प्रवास, आराम, खरेदी वगैरे. शहरात असलात तर पुढच्या प्रवासाचं तिकीट आधी काढून ठेवता येतं, रेल्वेचं किंवा बोटीचं, मात्र जवळ दोनच्या वर ठेवायची नाहीत. झोपलेला देव जागा होतोय, मधूनमधून समुद्रातून काहीतरी वर येतंय, आणि तुम्ही तिकीट खिडकीवर आहात. हे ज्याने सुचवलं त्याने कधीतरी सुट्टीत प्रवास केलेला असणार.

खरेदीला पैसे कमी पडले तर कर्ज मिळतं. माझं या खेळातलं सर्वांत आवडतं पान हेच. कर्जाचं पान घेतलं की खरेदीला दोन यशं जास्तीची मिळतात. पानाची मागची बाजू मात्र बघायची नाही. हिशेबाची घटका आली की ती उलटायची आणि तेव्हा कळतं सावकार कसला आहे ते. विश्वाच्या पलीकडून आलेल्या अक्राळविक्राळ प्राण्याशी दोन हात करताना खेळाडू हसतखेळत असतात. कर्जाचं पान उलटताना मात्र हात थरथरलेले मी पाहिलेत. भय म्हणजे काय हे छापणाऱ्याला बरोबर कळलंय.

आणि देव जागा कसा होतो? वर एक पट्टी असते, तिच्यावर विनाशाची सोंगटी. बहुतेक फेऱ्यांच्या अखेरीस आकाशातल्या शकुनाची सोंगटी सरकते. त्या शकुनाची खूण असलेली परलोकाची जितकी दारं पटावर उघडी असतील, तितकी घरं विनाशाची सोंगटी खाली येते. शून्यावर आली की देव उठला. इतर देव उठले तरी तुम्हाला झगडायला थोडी उसंत असते, पण अझॅथॉथ उठला तर खेळ त्याच क्षणी खलास. लढाई नाही की अपील नाही. खरा लव्हक्राफ्ट या घराण्यात कुठे शिल्लक असेल तर एवढ्या एका नियमात. बाकी सगळा कारभार मार्चअखेरच्या ट्रेझरीसारखा: तारीख ठरलेली, बिलं तुंबलेली, आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांची धावपळ.

शुद्धतावादी लोक नाराज असतात की या खेळांत देवाला बंदुकीने मारता येतं, हे मूळ कथेच्या आत्म्याविरुद्ध आहे. त्यांनी मूळ कथा शेवटपर्यंत वाचावी. एक नॉर्वेजियन खलाशी वाफेवरची बोट पुरत्या वेगाने थेट कथुलूच्या डोक्यात घालतो. डोकं फुटतं आणि पुन्हा जुळू लागतं, ही गोष्ट वेगळी. पण बोट घालायची परवानगी लेखकानेच दिलेली आहे.

*

पुरवण्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण या छंदातली खरी अतृप्त शक्ती तीच. २००५ च्या अर्कम हॉररला आठ पुरवण्या निघाल्या. एल्ड्रिचलाही आठ. अर्कमची शेवटची पुरवणी, २०११ ची 'मिस्काटॉनिक हॉरर', ही तर आधीच्या पुरवण्यांची पुरवणी होती. म्हणजे आधीच्या घेतल्या नसतील तर ही तुमच्या फारशी कामाची नाही, आणि घेतल्या असतील तर ही न घेऊन सांगता कुणाला.

आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा जोड बघा. दहा अवतार, दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२० गोल पानं. विश्वाची उत्पत्ती-स्थिती-लय सगळी त्यात. कल्की अजून यायचा आहे, तरी त्याची बाराही पानं मूळ जोडातच मिळतात. 'कल्कीचं आगमन' असं वेगळं खोकं काढून विकावं हे त्या बिचाऱ्या चिताऱ्यांना सुचलं नाही. म्हणून ते चितारी राहिले.

आणि मोक्षपट तर याहून भयंकर. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर घालते. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण; साहेबाने १८९० च्या दशकात त्याचा पोरांचा खेळ केला आणि वरची घरंच पुसून टाकली. पण खेळाचं यंत्र बघा: दान पडेल तितकं चालायचं. निवड नाही, डावपेच नाही, दोन कामं नाहीत, तिकीट नाही. वर पोचता पोचता अहंकाराने गिळलं, की या खाली. माणसाच्या हातात काहीही नाही हे लव्हक्राफ्टने पानंच्या पानं भरून सांगितलं. आमच्या आज्यांनी ते कवड्या टाकून दाखवलं, वर संध्याकाळी दिवेलागणीच्या आत आवरायचं सांगितलं.

*

तर भाच्याला मी विचारलं, खेळायला कोण कोण आहे? तो खोक्यांबद्दल बोलत राहिला. मी पुन्हा विचारलं. या विषयातला एवढाच एक प्रश्न आहे आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. विषय सारखा, देव सारखा, कुत्रं सारखं. मग फरक उरतो तो टेबलाभोवतीच्या माणसांत.

मलाजखंड म्हणजे हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण, देशातली सर्वांत मोठी उघडी तांब्याची खाण. खाण म्हणजे शिफ्ट. एक मित्र ए शिफ्टला, एक बी शिफ्टला, तिसऱ्याची रात्रपाळी. जनरल शिफ्टवाला मोकळा असतो, पण त्याची मुलं बारावीला. तीन तास सलग बसू शकतील असे चार जण या कॉलनीत फक्त कुणाच्या तरी लग्नात सापडतात. एल्ड्रिच तिथेच बाद. नियमपुस्तकं दोन आणि पानांचे ढिगारे वेगळे. मांडून होईतो पहिल्याच्या शिफ्टची बस येते.

मग एल्डर साइन? २०११ चा, रिचर्ड लॉनियस आणि केव्हिन विल्सन यांचा. (लॉनियसनेच १९८७ मध्ये मूळ अर्कम हॉरर केला, म्हणजे हे सगळं घराणं त्याच्याच पोटचं.) सगळं एका संग्रहालयात घडतं. फासे टाका, पानावरच्या खुणा जुळवा, जुळल्या तर बक्षीस, नाहीतर डोकं फिरलं. घड्याळ असतं, दर पाळीला तीन तास पुढे. चार पाळ्या झाल्या की मध्यरात्र आणि संकटाचं पान. तास-दीड तासात आटपतं. भाचेसुनेला फासे आवडतात, तिला हा चालेल. माझी तक्रार एकच: डोळे मिटून खेळलात तर हा राक्षसांचा खेळ आहे की किराण्याच्या यादीचा, हे कळणार नाही.

रेन ऑफ कथुलू चाळीस मिनिटांत होतो, दोन ते चार जणांत. चार गावं, चार दारं, चारही बंद करायची. साथरोगवाला मूळ खेळ मॅट लीकॉकचा, आणि तो इतका चोख आहे की त्यावर कुठलंही कातडं चढवा, चालतो. ज्यांच्या घरी असले खेळ पहिल्यांदाच येताहेत त्यांनी हाच घ्यावा. मात्र याला एक रोग आहे. टेबलावरचा सर्वांत आवाजी माणूस सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. कॉलनीत असा माणूस कोण, हे विचारायची गरज पडली नाही. भाच्याने स्वतःच "आमचे वरचे मजल्यावरचे साहेब" म्हटलं आणि रेन ऑफ कथुलू बाद.

मॅन्शन्सची दुसरी आवृत्ती, २०१६ ची, फोनवरचं ॲप चालवतं. कुठली खोली उघडली, कोण ओरडलं, सगळं फोन सांगतो. खेळताना सगळे फोनकडे बघत बसतात. त्यासाठी खोकं घ्यायची गरज नाही. ते सगळ्यांच्या घरी रोज फुकट चालू असतं.

डेथ मे डाय, २०१९ चा, एरिक लँग आणि रॉब डॅव्हिओ यांचा, या सगळ्यात प्रामाणिक. तो म्हणतो, लपवाछपवी कशाला, देवाला मुद्दाम जागा करा आणि मारा. वेड जितकं लागेल तितकी ताकद वाढते. दीड तास, धमाल, अक्कल कमी लागते. बाहुल्या सुंदर. लव्हक्राफ्ट थडग्यात वळला असेल. वळू दे, त्याचे हक्क संपलेत.

एकट्यासाठी मात्र एक खरा जिन्नस आहे: 'अर्कम हॉरर: द कार्ड गेम', २०१६. पहिल्याच डावात तुम्ही स्वतःच्या घरात अभ्यासिकेत बसलेले असता आणि खोलीचं दार नाहीसं होतं. फासे नाहीत, पिशवीत हात घालून चकती काढायची, उणे एक, उणे दोन, किंवा ती लाल सोंडेची, जी निघाली की काहीही केलंत तरी हरलात. आणि डावाच्या शेवटी स्वतःचं घर जाळायचं की नाही, हे विचारतात. जाळलंत, तर पुढच्या डावात ते घर जळालेलंच असतं. रात्रपाळीहून आलेल्या, झोप उडालेल्या माणसाला हा खेळ चांगला. घरच्यांना तो कमी आवडतो.

*

भाचा म्हणाला, "मामा, मराठीत असं काही नाही का?"

खेळ नाही, पण भय भरपूर आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आमच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात नाही, चांगल्या ट्यूबलाइटखाली वाचले आणि तरी रात्री पाणी प्यायला उठलो नाही. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' बेतली. आता गंमत बघा. धारपांच्या जगात अंधार कितीही दाट झाला तरी शेवटी समर्थ, त्यांचे विद्या जाणणारे नायक, येतात. लव्हक्राफ्टच्या जगात कुणीही येत नाही. आणि ही सगळी परदेशी खोकी नाव लव्हक्राफ्टचं लावतात, पण खेळ धारपांचा खेळतात: दार उघडलं, विद्या जाणणारा माणूस आला, दार बंद झालं. एल्ड्रिचमध्ये तर एका वेळी आठ समर्थ, वर तिकिटाच्या रांगेत.

मग समर्थांचा पटखेळ कुणी का काढत नाही? कायदा. लव्हक्राफ्ट सर्वांचा आहे, धारप अजून नाहीत. ६० वर्षांनी म्हणजे २०६९ उजाडावं लागेल, नाहीतर वारसांना रीतसर विचारून पैसे द्यावे लागतील. विचारून पैसे देण्यापेक्षा अमेरिकेचं भूत आणणं आपल्या उद्योजकांना सोपं वाटतं.

पण भाच्यासाठी महत्त्वाची गोष्ट निराळीच. 'तुंबाड' हा २०१८ चा सिनेमा, जगभर ज्याला लव्हक्राफ्टच्या जातकुळीचा म्हणतात, त्याचं बीज कुठे पडलं? दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय: १९९३ मध्ये एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट ऐकवली, तीही नागझिऱ्याच्या अभयारण्यात. नागझिरा म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याची सीमा. म्हणजे या देशातलं सर्वांत नावाजलेलं वैश्विक भय बिरशाहून एका दिवसाच्या मोटारप्रवासावर, रात्री, जंगलात, तोंडी सांगितलं गेलं. खोकं नव्हतं. फासे नव्हते. एक सांगणारा आणि एक घाबरणारा एवढं पुरलं.

*

त्याच आठवड्यात भाच्याने कुणाचं तरी एल्डर साइन मागून आणलं आणि शेजाऱ्यांना जमवलं. टेबलावर बैहरकडचा एक गोंड सहकारी होता. एका पानावर चित्र: जंगल, आग, भोवती झगे घातलेले लोक. नियम सांगणाऱ्याने सांगितलं, हे वाईट लोक, पंथवाले, यांना हटवायचं. तो बराच वेळ पान न्याहाळत राहिला आणि म्हणाला, "जंगल में पूजा कर रहा है। तो इसने किया क्या?"

उत्तर कुणाकडे नव्हतं. उत्तर लव्हक्राफ्टकडे आहे, आणि ते देण्याजोगं नाही. त्या १९२८ च्या कथेत पोलीस लुइझियानाच्या दलदलीत शिरतात आणि आगीभोवती नाचणाऱ्यांना पकडतात. लेखकाच्या लेखी त्या लोकांचा पहिला गुन्हा त्यांचं मिश्र रक्त हा आहे. हा माणूस वंशद्वेष्टा होता, पत्रांतही आणि कथांतही. जागतिक फँटसी पुरस्काराची बाहुली त्याच्या चेहऱ्याची असायची. २०१५ मध्ये ती बंद करावी लागली. खेळवाल्यांनी पुढे पात्रं रंगीबेरंगी केली, हे त्यांच्या बाजूने. पण जंगलातली पूजा अजून संकटाच्याच पानावर आहे.

बिरशात हे विकायचं म्हणजे कमाल. इथे जंगलातली पूजा हा तालुक्याचा कारभार आहे. पेरणीआधी बैगांची बिदरी होते, तेव्हा बी घराबाहेर पडतं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात बैगा पुजाऱ्याचं एक काम नोंदलंय. वाघाने माणूस मारला की पुजारी त्या जागेवर जातो. रक्ताने भिजलेल्या मातीचा छोटा शंकू करतो. ती माती म्हणजे मेलेला माणूस, किंवा त्याचा जिवंत नातलग. बाकीचे मागे सरतात. मग पुजारी हातापायांवर उतरतो आणि वाघ होतो. माणूस मारणाऱ्या वाघासारखा वागतो, मातीचा तो गोळा दातांत धरतो. तेवढ्यात एक जण धावत येऊन त्याच्या पाठीवर काठीने हलकं टिपतो. वाघाचा जीवघेणा खेळ तिथे संपवायचा, पुढचा बळी जाऊ नये म्हणून.

दार बंद करण्याचा याहून चांगला नियम मी कुठल्या खोक्यात वाचलेला नाही. त्यात सोंगटी एकच, मातीची.

आणि हेच बैगा, नांगराने धरणीमातेची छाती फाडायची नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नांगर नाकारणारे. व्हेरिअर एल्विनने १९३९ मध्ये त्यांच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यांच्याच मुलुखात आज मलाजखंडचा उघडा खड्डा आहे, आणि त्या खड्ड्याच्याही खाली भुयारी खाण उतरवण्याचं काम. पलीकडे कान्हा व्याघ्र प्रकल्पासाठी गावं उठली. आपण कुणाच्या यादीतच नाही, हे भय सोंगट्या मांडून शिकायला या लोकांना वेळ नाही.

*

तर निकाल. खोकं नको. कॅओसियम कंपनीचा 'कॉल ऑफ कथुलू' घे, १९८१ चा, सँडी पीटरसनचा. पट नाही, बाहुल्या नाहीत, पुस्तक आणि फासे. मन शाबूत राहण्याचे गुण मोजायची कल्पना याच खेळाने रूढ केली. वरच्या सगळ्यांनी ती तिथून उचलली. प्राथमिक नियम कंपनी फुकट देते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यात शिरतात. शिफ्ट बदलली तर गोष्ट थांबते आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरू होते. वरच्या मजल्यावरचे साहेब मधे बोलले तर गोष्ट सांगणारा त्यांना विहिरीत पाडू शकतो. ही सोय दुसऱ्या कुठल्याही खोक्यात नाही.

एक अट घातली: अर्कम नको, बिरसा ठेव. आणि जंगलातला गुनिया, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, खलनायक नको. उलट काय चाललंय हे गावात कळत असेल तर त्यालाच. भाच्याने ऐकलं. गोष्ट १९८२ ची ठेवली, खाण नवीन, खड्डा अजून उथळ. गोष्टीत एका सकाळी सर्वांत खालच्या पायरीवर खडक लागत नाही, मऊ काहीतरी लागतं. पात्रं ठरली: भूवैज्ञानिक, कॉलनीतली डॉक्टरीण, गुनिया, नागपूरहून आलेला पत्रकार, ठेकेदार. आणि धारपांच्या आठवणीसाठी एक विद्या जाणणारे वृद्ध गृहस्थ.

वृद्ध गृहस्थ कुणी घेईना. डॉक्टरीण भाचेसुनेने घेतली, गुनिया त्या बैहरवाल्याने न विचारता उचलला. उरलेल्या तिघांची ठेकेदारावरून अशी जुंपली की पहिला रविवार त्यातच गेला. खाली देव जागा होवो नाहीतर झोपो, चालू बिल तर निघतंच, असं तिघांचंही म्हणणं पडलं. शेवटी भाच्याने नियम वाकवून ठेकेदार तीन केले, आणि दुसऱ्या रविवारी तिघांनी मिळून चौथ्या माणसाच्या नावाने पोटठेका काढला.